एकपात्री स्वराभिनय : लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड’ आणि त्याचा वारसा

एकाच नटाने वेशभूषा न बदलता, किंवा अगदी नाममात्र बदलून, संपूर्ण नाट्य रंगमंचावर सादर करावे, या प्रकारास मराठीत ‘एकपात्री प्रयोग’ ही संज्ञा रूढ आहे. संज्ञा थोडी फसवी आहे. कारण त्यात दोन अगदी भिन्न प्रकार येतात. पहिल्यात नट आरंभापासून अखेरपर्यंत एकच व्यक्ती असतो. दुसऱ्यात तो एकटाच सारा गाव असतो. पहिल्यास एकपात्री हे नाव शोभते, दुसऱ्यास बहुपात्री म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. या दुसऱ्या प्रकारात मुखवटा नाही, पोशाख नाही, सहकलावंत नाही. म्हणून पात्रांपात्रांतील भेद दाखविण्याचा बहुतेक भार आवाजावर पडतो. मराठवाड्यातील लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) यांचा वऱ्हाड निघालंय लंडनला हा प्रयोग या प्रकाराचे मराठीतील सर्वांत विख्यात उदाहरण होय. सुमारे तीन तासांच्या अवधीत त्यांनी बावन्न व्यक्ती उभ्या केल्या. लेखन, दिग्दर्शन आणि सादरीकरण ही तिन्ही कामे त्यांचीच. त्यांच्या निधनानंतर हा प्रयोग बीड जिल्ह्यातील माजलगावच्या एका नटाने पुढे चालविला. ज्याची घडणच एका माणसाच्या कंठातून झाली, ते नाटक त्या माणसामागे जगू शकते काय, हा प्रश्न त्यामुळे मराठी रंगभूमीपुढे प्रथमच ठळकपणे उभा राहिला.

एका माणसाने अनेकांच्या वाणीने बोलण्याची रीत मराठी मुलखास नवी नाही. कीर्तनकार उत्तररंगातील आख्यानात राजा, राणी, दूत आणि द्वारपाल या सर्वांचे संवाद स्वतःच म्हणतो. गोंधळात मुख्य गोंधळी कथेतील पात्रांची भाषणे करतो व साथीदार मधूनमधून प्रश्न विचारून त्याला पुढे ढकलतो. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे आणि त्याच नदीच्या काठी पैठण येथे एकनाथांनी (१५३३–९९) भारुडाला जे रूप दिले, त्यात जोशी, भुत्या, सासुरवाशीण अशा नाना जणांच्या तोंडून परमार्थ बोलविला आहे. भारूड म्हणणारा पदर डोक्यावर घेतो आणि सासुरवाशीण होतो. पदर खाली येताच तो पुन्हा भारूड म्हणणारा असतो. मराठवाड्यातील श्रोत्याला ही क्षणात होणारी अदलाबदल लहानपणापासून परिचित असल्यामुळे, पुढे देशपांडे यांच्या प्रयोगात कोण बोलत आहे याचा उलगडा करून सांगावा लागला नाही.

छापील वाङ्मयात या रीतीचे एक टोक दिवाकरांच्या (शंकर काशीनाथ गर्गे, १८८९–१९३१) नाट्यछटांत दिसते. तेथे एकच व्यक्ती बोलते आणि समोरच्याचे बोलणे तिच्या उत्तरांवरून ताडावे लागते. रंगमंचावर या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती पु. ल. देशपांडे यांच्या बटाट्याची चाळमुळे. १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या लेखनाचा एकपात्री प्रयोग त्यांनी १९६१ मध्ये सुरू केला. सदानंद जोशी यांचा मी अत्रे बोलतोय आणि सुमन धर्माधिकारी यांचा घार हिंडते आकाशी हे त्यानंतरच्या काळातील गाजलेले प्रयोग. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार या त्रयीच्या कथाकथनाने ग्रामीण बोली सभागृहात आणली. मात्र ही बोली मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची होती. चाळ तर मुंबईचीच. मराठवाड्याची बोली या साऱ्या चळवळीत जवळजवळ अनुपस्थित होती.

या अनुपस्थितीचे कारण राजकीय इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार व उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी घरात बोलायची, शेतात बोलायची, पण व्यासपीठावर तिला मान नव्हता. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दरम्यान १९५८ मध्ये औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव समाविष्ट झाले. या विद्यापीठात १९७० च्या दशकात नाट्यशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले आणि औरंगाबाद हे मुंबई–पुण्याबाहेरचे एक नाट्यकेंद्र बनू लागले. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आदी मंडळी पुढे याच शहरातून आली. लक्ष्मण देशपांडे हे या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. वऱ्हाडचा जन्म अशा रीतीने एका अध्यापकाच्या हातून झाला, हे विसरता कामा नये. प्रयोग पाहताना तो उत्स्फूर्त वाटतो. त्यामागे आवाजाचा आणि बोलीचा कसून केलेला अभ्यास होता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांना प्रारंभ झाला. नावातील ‘वऱ्हाड’ म्हणजे विदर्भातील प्रदेश नव्हे, तर लग्नाला निघालेली मंडळी. परप्रांतीय वाचकांचा येथे हमखास घोटाळा होतो. कथासूत्र साधे आहे. खेड्यातला मुलगा लंडनला जातो, तेथील गोऱ्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आणि घरची सारी मंडळी, मानपान, रुसवेफुगवे आणि गाठोडी यांच्यासह विमानात बसून लग्नाला निघतात. विनोदाचा उगम विमानात नाही, तो विमानालाही एस.टी.प्रमाणे वागविणाऱ्या माणसांत आहे. ज्या बीड शहराला स्वतःची रेल्वे मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले, त्या जिल्ह्यातील प्रेक्षकांना गावातून थेट विमानात ही उडी किती हास्यकारक आणि किती हवीशी वाटली असेल, याची कल्पना करता येते.

बोलीचा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. त्यापूर्वीच्या अनेक नाटकांत ग्रामीण बोली गड्याच्या वा मोलकरणीच्या तोंडी, चार घटका करमणूक म्हणून येई. नायक प्रमाणभाषाच बोले. वऱ्हाडमध्ये सर्वच घर ‘मव्हं’ आणि ‘तुव्हं’ म्हणते, ‘काय करायलास?’ असे विचारते. त्यामुळे बोली हे हास्याचे कारण राहत नाही, ती केवळ भाषा होते. हसू येते ते स्वभावाचे. क्वचित प्रसंगी अडाणीपणाच्या सोप्या विनोदाकडे प्रयोग झुकतो, हेही नमूद केले पाहिजे. परंतु देशपांडे यांची त्या माणसांवरील माया इतकी उघड आहे की प्रेक्षक त्यांना हसत नाही, त्यांच्यासह हसतो. मराठवाड्याच्या बोलीने साऱ्या महाराष्ट्रात आणि परदेशांतील मराठी मंडळांत तीन-तीन तास सभागृह धरून ठेवले, ही या प्रदेशाच्या सांस्कृतिक इतिहासातील लहान घटना नव्हे.

बावन्न पात्रे म्हणजे बावन्न आवाज असे मात्र नाही. मानवी कंठाचा पल्ला तेवढा नसतो आणि श्रोत्याची स्मृतीही नसते. स्वराभिनयाचे कौशल्य असे की, मोजक्या घटकांच्या वेगवेगळ्या जुळण्या करावयाच्या. स्वर उंच की खालचा, तो छातीतून येतो, घशातून की नाकातून, बोलणे सलग की तुटक, शब्दाचा शेवट गिळला जातो की ताणला जातो, श्वास वाक्याआधी घेतला जातो की मध्येच, या पाच-सहा गोष्टींच्या मिश्रणातून पुष्कळ व्यक्ती निर्माण होतात. म्हाताऱ्याचा आवाज कापरा करणे ही नवशिक्याची युक्ती. अनुभवी नट आवाज न कापविता श्वास आखूड करतो; वाक्य अर्ध्यात थांबते, उरलेले पुढच्या श्वासात येते आणि वय आपोआप ऐकू येते. स्त्रीपात्रासाठी आवाज किनरा केला तर ते विडंबन होते. त्याऐवजी बोलण्याची लय आणि वाक्याच्या शेवटचा हेलकावा बदलला की स्त्री उभी राहते. प्रत्येक प्रमुख पात्राला पहिल्याच अक्षरात ओळखू येईल अशी एक खूण लागते, कारण भांडणाच्या प्रसंगात पाच माणसे एकामागून एक अर्धे अर्धे वाक्य बोलतात आणि ‘तो म्हणाला’ असे सांगावयास उसंत नसते. बावन्न जणांना सारखा वेळ मिळत नाही, हे उघड आहे. घरातील चारसहा व्यक्ती कथा वाहतात. बाकीच्या एखाद्या वाक्यासाठी येतात व जातात, पण त्यांच्यामुळे गर्दीचा भास पुरा होतो.

रंगमंचावर आवाजाला नजरेची जोड मिळते. उंच माणूस बोलताना दृष्टी खाली, पोराने बापाशी बोलताना ती वर. डावीकडे सून, उजवीकडे सासू. खांद्यावरचे एखादे वस्त्र पदर होते, मुंडासे होते, गाठोडेही होते. पण या प्रयोगाच्या कीर्तीत मोठा वाटा अशा एका माध्यमाचा आहे, ज्यात नजरही नाही आणि वस्त्रही नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ध्वनिफितीची कॅसेट १९८० च्या दशकात भारतात घरोघर पोहोचली आणि तिच्यावरून वऱ्हाड नाट्यगृह नसलेल्या गावांत शिरले. लग्नघरात, रसवंतीवर, ट्रकमध्ये, गणपतीच्या मांडवात ते लागू लागले. असंख्य लोकांनी देशपांडे यांना कधी पाहिले नाही, केवळ ऐकले. तरी पात्रे कोठे उभी आहेत हे त्यांना कळत होते. नट म्हणून त्यांची ही कठोर परीक्षा होती व तीत ते उतरले. श्रोत्यांना पुढचे वाक्य आधीच पाठ असे, आणि तरीही ते हसत. या प्रयोगाची नोंद गिनीज बुकातही झाली. पण मराठवाड्यात त्याचे मोल ठरले ते या फितींनी.

कॅसेटचा एक दुष्परिणामही झाला. प्रयोग दर वेळी बदलतो. नट एखादा प्रसंग आवरतो, एखादा लांबवितो, त्या गावाचे नाव घालतो. फितीवर मात्र एकाच दिवशीचा प्रयोग कायमचा गोठतो आणि श्रोत्याच्या मनात तोच ‘खरा’ ठरतो. देशपांडे यांच्या मागून येणाऱ्या कोणत्याही नटाची तुलना जिवंत माणसाशी नव्हे, तर लाखो कानांत बसलेल्या एका ध्वनिमुद्रणाशी होणार, हे तेव्हाच निश्चित झाले.

येथे जपानचे उदाहरण उपयुक्त आहे, कारण आवाज एकाकडून दुसऱ्याकडे सोपविण्याची तेथे जुनी रीत आहे आणि नवी अडचणही. ‘राकुगो’ या जपानी कथनप्रकारात कथनकार गादीवर गुडघे टेकून बसतो, उठत नाही. हातात पंखा आणि कापडी रुमाल एवढेच साहित्य. पंखा कधी काठी होतो, कधी लेखणी. डावी-उजवीकडे मान वळवून तो दोन पात्रे बोलवितो आणि कोणी कोणत्या बाजूस पाहावे, हे पात्रांच्या सामाजिक दर्जावरून ठरलेले असते. वऱ्हाडचा प्रेक्षक राकुगो पाहील तर त्याला ते परके वाटणार नाही. फरक वारशाचा आहे. राकुगोतील कथा कोणाएकाच्या नसतात. शिष्य गुरूपुढे बसून त्या तोंडी शिकतो, पुढे गुरूकुलातील नावही धारण करतो. सानयूतेई एन्चो (१८३९–१९००) या थोर कथनकाराची भूतकथा १८८४ मध्ये लघुलिपीत उतरवून छापली गेली, तरी ती छापील पानावर थांबली नाही; पिढ्यान्‌पिढ्या नवे कंठ तिला मिळत राहिले.

त्याच देशात जेव्हा आवाज यंत्राने पकडला जाऊ लागला, तेव्हा गोष्ट बदलली. १९२५ मध्ये तोक्यो येथून नभोवाणीचे प्रसारण सुरू झाले, श्रुतिकांसाठी नटांची स्वतंत्र पथके तयार झाली आणि पुढे परदेशी मालिकांचे डबिंग व १९६३ नंतर दूरचित्रवाणीवरील सचेतपट यांमुळे ‘सेइयू’ म्हणजे आवाजाचा नट हा स्वतंत्र व्यवसाय ठरला. या व्यवसायातील नोबुयो ओयामा (१९३३–२०२४) यांची कारकीर्द या संदर्भात लक्षणीय आहे. शाळेत असताना त्यांच्या जाड, घोगऱ्या आवाजाची चेष्टा होत असे. आवाज लपवून बसलीस तर तो आणखी वाईट होईल, अशा अर्थाचा सल्ला आईने दिला, म्हणून त्या शाळेच्या ध्वनिप्रसारण मंडळात गेल्या. तोच आवाज १९७९ पासून २००५ पर्यंत दोराएमोन या निळ्या यांत्रिक मांजराचा आवाज झाला. २००५ मध्ये वयोमानामुळे त्यांच्यासह पाचही प्रमुख कलावंतांनी निवृत्ती घेतली आणि वासाबी मिझुता यांच्याकडे ही भूमिका आली. मूळ आवाजावर वाढलेल्या प्रौढांना बदल पचविणे कठीण गेले. मुलांना मात्र नवाच आवाज मूळ वाटला. चित्र तेच राहिल्यामुळे मिझुता यांना निदान तेवढा आधार होता. एकपात्री प्रयोगात तसे चित्र नाही. नट गेला की सारेच जाते.

मराठीत तसे घडलेही आहे. बटाट्याची चाळ पुस्तक म्हणून वाचली जाते, पण पु. लं.नी स्वतः प्रयोग थांबविल्यानंतर तो त्या तोडीने दुसऱ्याचा झाला नाही. मराठी रसिक एकपात्री प्रयोगाला त्या माणसाची खाजगी मालमत्ता समजतो. दुसऱ्याने तो केला तर त्याला नक्कल म्हणतो. हा दृष्टिकोन कौतुकातून आला असला, तरी कलेच्या दृष्टीने घातक आहे. गाण्यात घराणे मान्य, कीर्तनात परंपरा मान्य, मग एकपात्रीतच का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

२००९ मध्ये देशपांडे यांचे निधन झाले तेव्हा वऱ्हाडही संपले, अशीच सर्वसाधारण समजूत होती. त्यानंतर संदीप पाठक या नटाने तो प्रयोग हाती घेतला. पाठक हे बीड जिल्ह्यातील माजलगावचे. सिंदफणा नदीवरील धरणामुळे हे गाव परिचित आहे, नाट्यगृहांमुळे नव्हे. त्यांना एक गोष्ट शिकावी लागली नाही आणि तीच निर्णायक ठरली : बोली. मुंबईच्या नटाने ‘करायलास’ म्हटले की त्यातील ‘य’ जरा जास्तच ऐकू येतो. जन्मतः ती बोलणाऱ्याच्या तोंडी तो आपोआप पातळ होतो. आवाज वेगळा, अंगकाठी वेगळी, विनोदाची गतीही अधिक चपळ. पण घर तेच राहिले. सुरुवातीस जुने श्रोते फितीशी ताडून पाहत. जेथे पाठक देशपांडे यांच्या सुराच्या जवळ गेले तेथे उणीव जाणवली, आणि जेथे ते आपल्या गावच्या माणसांच्या सुराकडे गेले तेथे पात्र नव्याने जिवंत झाले, असे म्हणणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटते. बावन्न पात्रांची संहिता म्हणजे देशपांडे यांच्या कंठाचा ठसा नव्हे, ती एका प्रदेशाच्या बोलण्याची मांडणी आहे, हे त्यातून उघड झाले.

पाठक यांच्या हाती आल्यावर प्रयोगाला नवा प्रेक्षकही मिळाला. देशपांडे यांच्या काळात विमानात न बसलेला प्रेक्षक बहुसंख्य होता. आता सभागृहात असे अनेक असतात ज्यांची मुले पुण्यात वा परदेशांत संगणकक्षेत्रात नोकरी करतात आणि ज्यांनी स्वतःच्या घरचे वऱ्हाड विमानाने नेले आहे. सुरक्षा-तपासणीत गाठोडे उघडण्याची वेळ त्यांच्यावर खरोखरच आलेली असते. त्यामुळे काही प्रसंगांचा रोख बदलला आहे : पूर्वी ते अघटित म्हणून हसविणारे होते, आता आठवण म्हणून हसवितात. बीड, परळी, अंबाजोगाई या भागांत तर प्रेक्षक पुढचे वाक्य नटाच्या आधी म्हणतो, आणि नटाला क्षणभर थांबून त्याला ते म्हणू द्यावे लागते.

तीन तास अखंड बोलणाऱ्या या नटाने राख या संवादविरहित चित्रपटातही प्रमुख भूमिका केली आहे.